पावसाळ्याचा कॅट

लिंबायत, सुरत
३ जुलै २०२५

गजेंद्र,

तुझा मेसेज मिळाला. उत्तर कागदावर देते आहे आणि रजिस्टर पोस्टानं पाठवते आहे, म्हणजे घेताना तुला सही करावी लागेल. मिळालंच नाही असं नंतर म्हणता येणार नाही.

तू लिहितोस की गणपतीत इथल्या अडाजणच्या मराठी मंडळात तुझा जादूचा कार्यक्रम ठरलाय आणि त्यासाठी तुला आबांच्या हातचे पत्त्यांचे कॅट हवेत. ‘असतील तेवढे.’ शिवाय त्यांची लोखंडी पट्टी, पातं आणि दाब द्यायच्या दोन फळ्या. शेवटी ‘धनू, आबांची आठवण म्हणून’ आणि पुढे हात जोडल्याचं चित्र.

साडेचार वर्षांनी हा पहिला मेसेज. आबांच्या दहाव्याला तू काळा चष्मा लावून दाराशी बसला होतास आणि पाचच्या गाडीनं परत गेलास. मायनं डब्यात बांधलेल्या पुऱ्या तशाच राहिल्या.

तुझी पुण्यातली मुलाखत मी पाहिली. दोनदा पाहिली. ती मुलगी विचारते, “गजेन राज, हे खास पत्ते येतात कुठून?” आणि तू हसून म्हणतोस, “हे सगळं मी स्वतः बनवतो.” तुला एक पत्ता तरी सरळ कापता येतो का रे? दहावीत आबांनी तुझ्या हातात पातं दिलं होतं. तू बदामच्या राजाचं मुंडकं उडवलंस आणि पातं टाकून क्रिकेट खेळायला पळालास.

आठवणच काढायची तर नीट काढू. आपले वडील धुडकू सुकलाल सैंदाणे, शिंदखेडा तालुक्यातून सुरतेला आले, एकतीस वर्षं लूमवर बारा तासांची पाळी केली. मागाच्या खडखडाटानं त्यांचे कान मंद झाले होते, म्हणून ते कमी बोलायचे. बोलायचं काम हात करायचे. श्रावणात सातम-आठमला इथले गुजराती लोक घरोघर पत्ते खेळतात. सण झाला की आबा कतारगामच्या गल्ल्यांतून फिरून टाकून दिलेले कॅट गोळा करून आणायचे. लोक हसायचे. आबा घरी येऊन एका जातीचे, एका झिजेचे बावन्न पत्ते जुळवायचे. त्याला दोन-दोन महिने लागायचे. मग पातं, मग पट्टी, मग खळ. काही कॅट एका बाजूनं केसभर निमुळते केलेले, काहींच्या पाठीवरच्या वेलीत एक पान जास्त काढलेलं. आणि सगळ्यात कष्टाचा तो घसरणीचा कॅट.

घसरणीचा खेळ कसा होता हे तुला सांगायची गरज नाही, तरी लिहिते, कारण मुलाखतीत तू तो तुझा म्हणून सांगतोस. बघणाऱ्यानं एक पत्ता काढायचा, मनात ठेवायचा, परत द्यायचा. मग कॅट वाटेल तितक्या वेळा काटायचा. आबा तोवर चार पावलं लांब जाऊन पाठ करून उभे राहायचे. “आते हायूच थाटीमा वाकाडा,” म्हणायचे. माणूस कॅट ताटलीवर कलता धरायचा, वरचे पत्ते सरसर खाली घसरायचे आणि एका जागी आपोआप थांबायचे. हातात उरलेल्या थप्पीवरचा पहिला पत्ता त्याचाच असायचा. जादूगारानं हातही लावलेला नाही. एक्कावन्न पत्त्यांच्या पाठींवर खळीचा असा हात फिरवलेला असायचा की ते एकमेकांना धरून राहतील, आणि एकच पत्ता मेण लावून घासलेला. बघणाऱ्याचा पत्ता आबा परत घेताना नेमका त्याच्याखाली सरकवायचे, की घसरण तिथंच फुटेल. हळदीत, बारशाला, शाळेच्या गॅदरिंगला आबांनी हा खेळ केला. लिंबायतच्या बाहेर त्यांना कुणी ओळखलं नाही.

एकदा ओळखलं असतं. २००९ साली मुंबईच्या टीव्हीवाल्यांचं बोलावणं आलं होतं. पाकिटावर आबांचं नाव होतं. आबांना वाचता येत नव्हतं म्हणून पत्र तू वाचलंस. “आबा, पुढच्या महिन्यात आहे,” म्हणालास. चार दिवसांनी मित्राच्या लग्नाला म्हणून गेलास आणि आबांची पेटी बरोबर नेलीस. नऊ कॅट होते तिच्यात.

आणि मग त्या रविवारी संध्याकाळी सात वाजता शेजारच्या सखुबाईनं हाक मारली, “या रे, गजू टीव्हीमा शे!” तिच्या खोलीत वीस माणसं जमली होती. आबांना सगळ्यांनी पुढे खुर्ची दिली. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. तू घसरणीचा खेळ केलास. परीक्षकानं विचारलं, “घरी कोण असतं?” आणि तू डोळे पुसत म्हणालास, “आई आणि बहीण. वडील मी लहान असतानाच गेले.”

सखुबाई म्हणाली, “धुडकूभाऊ, हाई काय बोलना तो?”

आबा टीव्हीकडेच बघत होते. म्हणाले, “त्यानी हात जरा लवकर फिरवा.”

हात लवकर फिरवला, एवढंच. उठले, चप्पल घातली, पाळीला गेले. त्यानंतर अकरा वर्षं जगले, पण चार माणसांसमोर पत्ता हातात धरला नाही. घरी मात्र कॅट बनवत राहिले. “सवय शे, सुटत नही,” म्हणायचे.

ही आठवण. पेटीतले नऊ कॅट तू सोळा वर्षं कसे पुरवलेस देव जाणे. कपाटात काही उरलंय का ते बघते. माझं कपाट आहे, मला वेळ मिळेल तेव्हा बघेन.

धनश्री

—

लिंबायत
८ ऑगस्ट २०२५

भाऊ,

मागचं पत्र जरा कडक झालं. शाळेत दिवसभर दुसरीच्या मुलांवर ओरडून तोंडाला तसं वळण लागतं. मनावर घेऊ नकोस.

कपाट उघडलं. एकच कॅट सापडला. घसरणीचा आहे आणि अगदी कोरा आहे, आबांनी शेवटच्या वर्षी केलेला असावा. तुला हवा तोच मिळाला म्हणून बरं वाटलं. पट्टी, पातं आणि फळ्या माय देऊ देत नाही, आबांचा हात लागलेला आहे म्हणते. तो विषय पुढे बघू.

कॅट डब्यात घालून पाठवते आहे. आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकल्यात, त्या काढू नकोस. आबांचा नियम तुला आठवत असेल. नवा कॅट फार हाताळायचा नाही. घरी एकदा करून बघ आणि डबा बंद करून ठेव, मग थेट कार्यक्रमातच उघड.

कागदाला पिठाचा डाग पडलाय तिकडे लक्ष देऊ नकोस. आज शंकरपाळे केले होते.

मी आणि माय कार्यक्रमाला येऊ. भटूकाकांनाही आणते. आबांच्या शेजारच्या मागावर त्यांनी वीस वर्षं काढली, त्यांना आनंद होईल.

धनू

—

लिंबायत
२ सप्टेंबर २०२५

गजेंद्र,

परवा तू स्टेजच्या मागच्या बाजूनं निघून गेलास, त्यामुळे माझं अर्धंच ऐकलंस. उरलेलं लिहून पाठवते. पहिल्यापासून सांगते, कारण समोर बसलेल्या माणसाला काय दिसलं ते तुला माहीत नाही.

मंडप उघडा होता, वर ताडपत्री, दुपारी पाऊस पडून गेलेला. सहा वाजताची आरती आटोपली होती. दोनशे माणसं दाटीवाटीनं बसली होती, पंखे गरम वाफच फिरवत होते. मी तिसऱ्या रांगेत होते. मायनं लग्नातली जांभळी साडी नेसली होती. तू स्टेजवर आलास तेव्हा ती शेजारच्या बाईला म्हणाली, “मना पोऱ्या शे.” मी जमिनीकडे बघितलं.

सुरुवातीचे तुझे खेळ चांगले झाले. ते कबूल करते. मग तू डबा उघडलास.

पुण्याहून तू मला कळवलं होतंस, ‘धनू, कॅट एक नंबर आहे, लोण्यासारखा सुटतो.’ सुटणारच. तुझ्या बाविसाव्या मजल्यावरच्या गार खोलीत, खिडक्या बंद करून. तो थंडीतला कॅट होता. मैद्याच्या खळीचा. आबा तो फक्त दिवाळीपासून होळीपर्यंत वापरायचे. पावसाळ्यात खळ हवेतलं पाणी पिते आणि पत्ते एकमेकांना चिकटतात. पावसाळ्यासाठी ते वेगळं काही लावायचे. ते काय, हे तुला माहीत नाही, कारण ते शिकायच्या आधी तू पळालास. मला माहीत आहे, कारण शेवटच्या पाच वर्षांत आबांना दिसेनासं झालं तेव्हा पट्टी मी धरायचे, पातं मी चालवायचे, खळ मी लावायचे आणि ते बोटानं तपासायचे.

तो कॅट आबांचा नव्हता. जुलैमध्ये मी केला. खळीचे दोन हात दिले. शंकरपाळे वगैरे काही नव्हते.

तू बँकेतल्या शैलजावहिनींना वर बोलावलंस. आरतीला टाळ्या वाजवून त्यांचे हात ओले झाले होते. त्यांनी पत्ता काढला, पाहिला, परत दिला. कॅट काटला. तू पाठ केलीस. अगदी आबांसारखी चार पावलं मोजून, मान थोडी डावीकडे. ते बघूनही थांबवावंसं वाटलं नाही.

वहिनींनी कॅट ताटलीवर कलता धरला. काही घडलं नाही. आणखी कलवला. तू म्हणालास, “थोडा अजून.” त्यांनी जवळजवळ उभा धरला. मग अख्खा कॅट विटेसारखा ताटलीत पडला, धप्पकन. मागे पोरं हसली. तू हसत उचललास, वाकवलास, फुंकर मारलीस, पुन्हा दिलास. पुन्हा धप्प. या वेळी मोठी माणसंही हसली. कुणीतरी ओरडलं, “साबण लावा साबण!” तुझ्या मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरत होता. सोळा वर्षं मी या क्षणाची वाट बघत होते आणि तो मी वाटलं होतं त्याहून छान होता. हे मी लपवणार नाही.

आणि मग तू माइक तोंडाजवळ नेलास. गळा भरून आणलास. म्हणालास, “मंडळी, माफ करा. हा कॅट माझ्या वडिलांच्या हातचा आहे. ते मागावरचे साधे कामगार होते. त्यांची आठवण म्हणून आज मुद्दाम आणला. जुन्या माणसाचा जुना माल, इतकी वर्षं टिकणार कसा?”

लोक हळहळले. टाळ्या वाजल्या. दोन-तीन बायकांनी डोळे पुसले.

आयुष्यात पहिल्यांदा तू चार लोकांत आबांना बाप म्हणालास, आणि तेही चूक त्यांच्यावर ढकलायला. मला एकदम कळलं की हे मीच केलंय. कॅट आबांचा म्हणून मीच लिहून दिलं होतं. तुला पाडायला खणलेल्या खड्ड्यात मी आबांना लोटलं होतं.

उठायचं मी ठरवलं नव्हतं. मी उभी कधी राहिले ते मलाच कळलं नाही. माझा आवाज दुसरीच्या वर्गातला आहे, त्याला माइक लागत नाही.

“तो कॅट धुडकू सैंदाण्यांचा नाही,” मी म्हणाले. “मी केलाय. मुद्दाम बिघडवून केलाय. मी त्यांची मुलगी.”

शेजारून भटूकाका काठीवर जोर देत उठले. “धुडकूना कॅट कधीच चिकटना नही!” ते ओरडले. “भर पाऊसमा बी नही!”

मग मी टीव्हीची गोष्ट सांगितली. दोनशे माणसांना सांगितली. ज्या रविवारी यानं बाप मेला म्हणून सांगितलं, त्या रविवारी बाप समोर खुर्चीत बसून बघत होता. तू माइक खाली ठेवलास आणि पडद्यामागे गेलास.

मंडळाचे अध्यक्ष सुधाकरकाका माझ्याजवळ आले. “धनश्री,” ते हळूच म्हणाले, “घरचं भांडण गणपतीसमोर कशाला गं?”

घरी आल्यावर माय साडीची घडी घालता घालता म्हणाली, “भरी सभामा मना पोऱ्याले नागडा करा तू. तुना बापले हाई चालतं का?”

“त्यांना काय चालायचं ते त्यांनी कधी सांगितलं?” मी म्हणाले.

काहीतरी बोलणार होती, ते तिनं गिळलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते. शाळेत मोठ्या बाईंनी बोलावून विचारलं की हे खरं का. मी हो म्हणाले.

मला तुझ्याबद्दल वाईट वाटत नाही. आबांबद्दल वाटतं. तेवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

धनश्री

—

लिंबायत
२६ ऑक्टोबर २०२५

गजेंद्र,

भाऊबीजेला तू आलास आणि जे विचारलंस, त्याचं उत्तर मी दिलं नाही. तीन दिवस विचार केला. आज देते आहे.

त्या दिवशी मी दार उघडलं ते माय आतून “उघाड” म्हणाली म्हणून. दोन महिन्यांनी ती माझ्याशी बोललेला पहिला शब्द तो. तू मायच्या पाया पडलास. मंडपातला व्हिडिओ सगळीकडे फिरला, दिवाळीचे दोन मोठे कार्यक्रम रद्द झाले, असं तू तिला सांगत होतास. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

मग तू पिशवी पालथी केलीस.

आधी मला वाटलं, तू मायला कापडं आणलीस. मग एकेक ओळखू यायला लागलं. आमच्या मागावरचं करडं कापड, चारी बाजूंनी शिवलेलं, शेवटी ताण्याचा धागा तुटला की मारतात ती बारीक गाठ. तशी गाठ आबाच मारायचे. प्रत्येक पार्सलावर भटूकाकांच्या वाकड्या अक्षरात तुझा पत्ता. पोस्टाचे शिक्के. मी मोजले, बावीस. पहिला नोव्हेंबर २००९ चा. टीव्हीनंतर दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.

“दर वर्षी दोन,” तू म्हणालास. “एक जूनमध्ये, एक दिवाळीनंतर. मला वाटायचं सारखेच आहेत. जो नवा तो वापरायचो.”

म्हणून नऊ कॅट सोळा वर्षं पुरले. म्हणून तुझा एकही खेळ पावसात चिकटला नाही. आबांनी तुला पावसाळ्याचा कॅट पावसाळ्यात पाठवला आणि थंडीचा थंडीत. तुला काही सांगितलं नाही, काही मागितलं नाही. ते गेल्यावर पार्सलं थांबली आणि शेवटचे दोन कॅट झिजले तेव्हा तुला माझी आठवण झाली.

आतल्या चिठ्ठ्याही तू दाखवल्यास. त्याही भटूकाकांच्याच हातच्या. बहुतेकांवर एकच ओळ. ‘हात सावकास फिरव. आबा.’

२०१५ नंतरची नऊ-दहा पाकिटं मी हातात घेऊन बसले. त्यांतला प्रत्येक कॅट मी केला होता. शाळेतून आल्यावर, पाठ दुखेपर्यंत वाकून. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचा वेळ जावा म्हणून मी हे करते आहे. पाच वर्षं मी तुझ्यासाठी खळ लावत होते आणि मला कुणी सांगितलं नाही.

“तुले माहीत व्हतं?” मी मायला विचारलं.

“हां.”

“मग माले कसाले नही सांगं?”

“तू करा नसता तो कॅट,” माय म्हणाली.

खरं आहे. नसताच केला.

मग तू टीव्हीचं सांगितलंस. कार्यक्रमातली एक बाई म्हणाली होती की वडील नसलेल्या मुलाची गोष्ट लोकांना भिडते, आणि तू हो म्हणालास. तिसऱ्या दिवशी तू सखुबाईच्या फोनवर आबांना फोन केलास आणि रडलास. आबा म्हणाले, “बरं व्हयनं. मरेल मानूसले कोनी कामले बलावत नही.” आणि हसले. हे सांगताना तू पुन्हा रडलास. छान रडतोस, सवयीचं आहे. पण आबांचं ते वाक्य तुला रचता आलं नसतं. ते आबांचंच आहे. म्हणून बाकीच्यावरही माझा विश्वास बसला.

माझ्या रागाचं काय झालं, ते सांगते. कमी झाला असं समजू नकोस. आता तो दोघांवर आहे. सोळा वर्षं मी आबांच्या वतीनं तुझ्यावर चिडून होते, आणि त्यांनी मला कधी तसं सांगितलंच नव्हतं. त्यांनी तुला माफ केलं, तेही माझ्या हातांनी, आणि मला विचारलं नाही. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. भांडायला तू उरलास.

मी तुला ओवाळलं नाही. मायनं तबक तयार करून ठेवलं होतं, निरांजन जळून विझलं. निघताना तू दारात विचारलंस, “धनू, पावसाळ्यात आबा काय लावायचे?” तू चोरून, फसवून नाही विचारलंस, सरळ विचारलंस. पहिल्यांदाच. म्हणून उत्तर देते आहे.

लिहून देणार नाही. फोनवर सांगणार नाही. आबांनी मला सांगितलं ते माझा हात धरून, मीही तसंच सांगेन. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मला सुट्टी असते. आदल्या रात्रीच्या गाडीनं येत जा. पट्टी, पातं, फळ्या इथंच राहतील. त्या पुण्याला जाणार नाहीत.

येताना जुने कॅट घेऊन ये. दुकानातले कोरे नकोत, माणसांनी खेळलेले हवेत. ते गोळा करायला गल्ल्या फिराव्या लागतील, लोक हसतील. फिर. पहिले सहा महिने नुसतं कापायचं, खळीला हात लावायचा नाही. तू कापलेला प्रत्येक पत्ता मी उजेडात धरून बघेन, आणि केसाएवढा जरी वाकडा असला तरी तुझ्यासमोर फाडेन. रडलास तरी फाडेन. आबा फाडत नसत, ते नुसतं पुन्हा कर म्हणायचे. मी आबा नाही.

पावसाळ्याचं काय ते पुढच्या जूनमध्ये सांगेन. तोवर टिकलास तर. मग गणपतीत त्याच मंडपात, त्याच दोनशे माणसांसमोर, स्वतः केलेला कॅट घेऊन उभं राहायचं आणि सुरुवातीला आबांचं पूर्ण नाव घ्यायचं, गावासकट. सुधाकरकाकांशी मी बोलले आहे. ते आधी नाही म्हणाले, मग हो म्हणाले.

हे मी मायसाठी करत नाही आणि आबांसाठी तर मुळीच नाही. तू माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसलेला, चुकलेला, पुन्हा पातं उचलणारा मला बघायचा आहे. पुष्कळ वेळा बघायचा आहे. माझं पोट लवकर भरेल या भ्रमात राहू नकोस.

आठ तारखेला दुसरा शनिवार आहे. गाडी साडेदहाला पोचते. स्टेशनवर कुणी घ्यायला येणार नाही, रिक्षा कर. नखं कापून ये.

धनश्री